‘सोबत कोण?’ – ‘मैत्रीण’

माझी मैत्रीण वैजू, तिने तिच्या आजारपणाबद्दल हे लिहायला होकार दिला तो अटी घालून. तिचं खरं नाव, गाव, क्लासचं नाव येता कामा नये. ‘वैजू’ हे मी ठेवलेलं नाव आहे. जखमांचं वर्णन नको. आणि ती स्वतःला कशी इजा करून घ्यायची, ते तर अजिबातच नको, कारण त्याच अवस्थेतलं कुणी वाचत असेल तर भलतंच डोक्यात बसतं. ही शेवटची अट तिच्या डॉक्टरांचीही होती. ते सोडून बाकीचं लिहिते: कुठे गेलो, कुणी काय विचारलं, किती वेळ गेला, किती पैसे गेले. ‘मित्रांना आधार द्या’ हे मला तेव्हा सगळीकडे वाचायला मिळत होतं. आधार द्यायचा म्हणजे सकाळी उठून कुठल्या खिडकीवर जाऊन उभं राहायचं, ते कुणी सांगत नव्हतं.

सगळ्यात आधी एक नंबर. १४४१६. ही टेली-मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. वाचताना तुम्हालाच जड वाटायला लागलं तर हा लेख राहू द्या, तिथे फोन करा.

सप्टेंबर २०२४

आम्ही पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत तीन कॉट, मेसचा डबा, बाकी सगळा दिवस अभ्यासिकेत. मी स्पर्धा परीक्षेचा नाद सोडून एका प्रकाशनाच्या ऑफिसात लागले होते, वैजू अजून तयारीतच होती. त्या वर्षी २५ ऑगस्टची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे ढकलली गेली. आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीची परीक्षा त्याच दिवशी आली होती, पोरं शास्त्री रस्त्यावर ठाण मांडून बसली आणि आयोगाने तारीख बदलली. मागणी रास्तच होती. पण एका तारखेवर डोळे लावून वर्ष काढलेल्या पोरापोरींचं पुढच्या महिन्यात काय झालं, ते पेठेतल्या खोल्यांना ठाऊक आहे.

वैजूचं त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. हे बारावीपासून अधूनमधून होतं, असं तिनेच पुढे सांगितलं. मला एवढंच दिसत होतं की अभ्यासिकेची फी भरूनही ती जात नाहीये, डबा अर्धा परत जातोय, रात्री उशिरा बाथरूममध्ये नळ बराच वेळ चालू राहतोय. मग एका रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना तिची बाही वर सरकली आणि मला दिसलं. मी बघितलेलं तिने बघितलं. दोघीही काही बोललो नाही. मी तिला एकेक चिमटा देत राहिले, ती लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून मी १४४१६ला फोन केला. त्रास आपल्याला नसून मैत्रिणीला आहे, तरी फोन केलेला चालतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलायला येतात. माझ्याशी बोललेल्या बाईंनी आधी मीच कशी आहे ते विचारलं, तिथेच मला रडू आलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी हातातल्या प्रूफच्या कागदामागे लिहून घेतलं. वेळ बघून, दोघीच असताना बोला. जे दिसलं ते सरळ सांगा. ‘दाखव बघू’ म्हणू नका. ‘का केलंस’पेक्षा ‘तेव्हा काय होत होतं’ असं विचारा. मरण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायची वाट मोकळी होते. आणि शपथ घालू नका.

हे शेवटचं मला अगदी पटलं. आपल्याकडे ‘माझी शपथ आहे तुला’ हे पहिलं वाक्य असतं. ती शपथ मोडली की माणूस पुढच्या वेळी आपल्यापासून लपवतो, बस्स.

बोलणं झालं ते दोन दिवसांनी रात्री, सारसबागेच्या बाहेर. भेळ पुढ्यात होती, कुणी खाल्ली नाही. मी म्हटलं, “वैजू, गच्चीवर मी बघितलं. मला राग आलेला नाही. तुला मरावंसं वाटतं का गं?” ती बराच वेळ रस्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, “मरायचं नाहीये. पण सकाळ झाली नाही तर बरं, असं कधीकधी वाटतं.” यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, म्हणून तेच म्हणाले: “मला काय बोलावं ते कळत नाहीये. पण डॉक्टरकडे जायचं असेल तर मी सुट्टी टाकते.” ती म्हणाली, “माझ्याकडे पैसे नाहीत.” म्हणजे जायला ना नव्हती. इथून पुढे माझं काम सोपं झालं. मनाचं काय करायचं ते मला येत नव्हतं. रांगेत उभं राहायला येत होतं.

डॉक्टर कोणते, कुठले

नावांचा घोळ आधी सोडवून टाका. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम ही पदविका केलेले डॉक्टर. गोळ्या तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर चांगला माणूस रागावत नाही. नुसती ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. चांगले समुपदेशक पुष्कळ आहेत, पण स्वतःला इजा करण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर एकदा तरी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं, असं मला सगळ्यांनी सांगितलं.

खाजगी दवाखान्यात पहिल्या भेटीचे १,२०० रुपये आणि नंबर तीन आठवड्यांनंतरचा. सरकारी रुग्णालयात त्याच आठवड्यात जाता येत होतं, तिकडेच गेलो. केसपेपरला किरकोळ पैसे लागले. खिडकी उघडायच्या आधी पोहोचलो तरी पुढे रांग होतीच; केसपेपर, मग विभाग शोधणं, मग तिथला नंबर, असं करत आत जाईपर्यंत अकरा वाजून गेले. कामाच्या गोष्टी: आधार कार्डाची झेरॉक्स, सुट्टे पैसे, पाण्याची बाटली, बिस्किटं. आणि सगळ्यात उपयोगी पडलेला एक कागद. आदल्या रात्री वैजूने त्यावर तिच्या भाषेत लिहून ठेवलं होतं: कधीपासून, किती वेळा, झोप कशी, जेवण कसं, आधी काही गोळ्या घेतल्या का, घरात कुणाला असा त्रास होता का. आत गेल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा तिने तो कागदच पुढे केला.

एकाच खोलीत दोन टेबलं, दोन डॉक्टर, दोन पेशंट. मधे पडदा. कानावर पलीकडचं सगळं येत होतं. वैजू आक्रसून बसली. मी डॉक्टरांना हळूच म्हटलं, “जरा बाजूला बसून बोलता येईल का?” तर त्या निवासी डॉक्टर मुलीने खुर्च्या उचलून खिडकीपाशी नेल्या. विचारलं तर होतं, हे लक्षात ठेवा.

तिने केसपेपर ओढून विचारलं, “सोबत कोण?”

“मैत्रीण.”

“घरचं कुणी?”

“घरी माहीत नाही.”

मला वाटलं, आता घरच्यांना घेऊन या म्हणणार. तसं काही झालं नाही. अठरा वर्षांवरच्या माणसाला ओपीडीत दाखवायला घरच्यांची परवानगी लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७मध्ये कलम २३ गोपनीयतेचं आहे, आणि डॉक्टरांनी ते पाळलं: मी आत थांबावं की बाहेर, हे त्यांनी मला न विचारता वैजूला विचारलं. ती म्हणाली, अर्धा वेळ थांबू दे. अर्ध्या वेळाने मी बाहेर येऊन बाकावर बसले.

त्याच कायद्याचं कलम १४ मला पुढे फार कामी आलं. कुणीही सज्ञान माणूस आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकतो, म्हणजे आजारपणात निर्णय घेताना मदतीला कोण असावं ते ठरवू शकतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. साध्या कागदावर लिहून सही करायची, स्टॅम्प पेपर लागत नाही. ज्याला नेमलं त्यानेही लेखी संमती द्यायची. वैजूने माझं नाव लिहिलं. एक प्रत फाइलला लावली.

निदान काय झालं ते तिचं तिच्यापाशी. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, कारण शरीरात काही कमी असलं तरी मन खाली जातं. एक गोळी सुरू केली. ती लगेच लागू पडत नाही, दोन ते सहा आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ, झोपेचा गोंधळ होतो. मनाने बंद करायची नाही. पंचविशीच्या आतल्यांना पहिल्या काही आठवड्यांत अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढूही शकतात, तसं वाटलं तर तारखेची वाट न बघता यायचं. हे शेवटचं डॉक्टरांनी दोघींकडे बघून दोनदा सांगितलं. गोळ्या मुद्दाम थोड्याच दिवसांच्या दिल्या. खोलीत साठा नको, म्हणून. मधे रुग्णालयात गोळी नव्हती तेव्हा बाहेरून घेतली, महिन्याला चारशेच्या आत खर्च आला. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही, देऊही नये. मूळ चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पावसात आमची एक विरघळली.

कपाटाच्या आतला कागद

दुसऱ्या भेटीत तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वैजूकडून सुरक्षा योजना लिहून घेतली. स्टॅन्ली आणि ब्राउन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बनवलेला हा साचा जगभर वापरतात. पायऱ्या ठरलेल्या असतात: त्रास वाढत चालल्याच्या खुणा कोणत्या, एकटीने काय करता येईल, मन दुसरीकडे नेणारी माणसं आणि जागा, मदत कुणाकडे मागायची, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि आसपासची जागा सुरक्षित कशी करायची. उत्तरं मात्र पेशंटची स्वतःची. त्यामुळे तिच्या कागदावर ‘खूण’ म्हणून लिहिलंय, ‘डबा न उघडता परत देते’. ‘एकटीने काय’ यात आहे, ‘तोंडावर गार पाणी मारणे, आजीला फोन करून म्हशीचं विचारणे’. आजीला काहीच माहीत नाही. ती म्हशीचं अर्धा तास सांगते.

शेवटच्या पायरीसाठी आम्ही दोघींनी मिळून खोली आवरली, काही वस्तू बाहेर गेल्या. कुठल्या ते लिहीत नाही. तिच्या नकळत झडती घ्यायची नाही, तिच्यासोबत करायचं, हे बाईंनी बजावलं होतं. तिसऱ्या कॉटवरच्या मुलीला किती सांगायचं तेही वैजूनेच ठरवलं.

माझ्या नावापुढे बाईंनी मला एक गोष्ट लिहायला लावली: रात्री अकरापर्यंत मी आहे, त्यानंतर १४४१६, आणि जिवावर बेतलं असेल तर मला कधीही उठवायचं. मला हे वाचून कोरडं वाटलं. पण त्याने झालं असं की अकरानंतर मी झोपू लागले, आणि वैजूलाही आपण कुणाचा जीव खातोय असं वाटेनासं झालं. कागद तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

मधले काही आठवडे सांगण्यासारखे नाहीत. ओपीडी, गोळी, मळमळ, गोळी. मी रोज ‘आज केलंस का?’ विचारायचं नाही असं ठरलं होतं, आणि ते पाळणं सगळ्यात अवघड गेलं. त्याऐवजी आम्ही तुळशीबागेत फिरायला जायचो, काही न घेता परत यायचो.

२६ नोव्हेंबरची रात्र

राज्यसेवा पूर्वची नवी तारीख १ डिसेंबर होती. हॉल तिकीट आलं होतं. मंगळवारी रात्री दीडच्या सुमारास वैजूने मला हलवून उठवलं. “आज जरा जास्त झालंय गं,” एवढंच म्हणाली.

स्वच्छ कापड दाबून धरलं, रिक्षा मिळाली. जवळचं खाजगी हॉस्पिटल गाठलं, तर काउंटरवरच्या माणसाने नजर टाकून सांगितलं, “पोलीस केस आहे, सरकारीला न्या.” त्या वेळी वाद घालायचं त्राण नव्हतं, रक्त थांबलेलं होतं, म्हणून पुढे गेलो. पण तुम्हाला माहीत असू द्या: परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पोलीस केस असली तरी आधी तातडीचे उपचार, कागदपत्रं नंतर, आणि हे खाजगी डॉक्टरांनाही लागू आहे. रिक्षा मिळत नसेल तर १०८ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत असते.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जखम धुतली, पट्टी केली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नंतर एमएलसीचा, म्हणजे मेडिको-लीगल केसचा कागद निघाला. तिथेही तोच रकाना: सोबत कोण, नातं काय. मैत्रीण लिहिलं, माझा नंबर दिला, सही केली. थोड्या वेळाने हवालदार आले. वैजू पांढरीफटक पडली. दुखण्यापेक्षा तिला एकच भीती होती: सरकारी नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी असते, तिथे हे निघालं तर?

स्पर्धा परीक्षेच्या जगात या भीतीपायी माणसं दवाखान्यात जात नाहीत, म्हणून हे नीट सांगते. एमएलसी म्हणजे रुग्णालयाने केलेली नोंद. तो गुन्हा नाही, एफआयआर नाही. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता खरा. पण २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ने सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली आहे असंच धरायचं, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तेव्हा ते ३०९ घेतलंच गेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ मध्ये उरलाय. आणि वैजूचा तर मरण्याचा हेतूही नव्हता.

हवालदारांना यातलं काही सांगायची वेळ आली नाही. चाळिशी उलटलेले गृहस्थ होते, स्टूल ओढून बसले. “कुणाचा त्रास आहे का बाळा? कुणाविरुद्ध काही सांगायचंय?” नाही म्हटल्यावर चार ओळींचा जबाब लिहिला. मी म्हटलं, “वाचून दाखवता का?” त्यांनी वाचून दाखवला. ‘नैराश्यातून’ लिहिलं होतं, ‘उपचार चालू आहेत’ हे राहिलं होतं, ते घातलं, मग वैजूने सही केली. जाताना ते म्हणाले, “माझी पोरगी पण तुमच्याच लायनीत आहे.” वाचल्याशिवाय सही करू नका आणि एमएलसी नंबर आपल्या फाइलवर लिहून ठेवा.

सकाळी मानसोपचार विभागाच्या डॉक्टर बघायला आल्या. भरती व्हायचं का, विचारलं. स्वतःच्या इच्छेने भरती होता येतं, हे कलम ८६मध्ये आहे. घरचं कुणी चोवीस तास सोबत राहणार असेल तर घरीही चालेल, असं त्या म्हणाल्या. आणि वैजूला म्हणाल्या, “तू मैत्रिणीला उठवलंस ना? कागदावर जे लिहिलंय तेच तू केलंस.”

१ डिसेंबरचा पेपर तिने दिला नाही. त्यावर आमच्यात फारसं बोलणं झालं नाही.

काकू

दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, वैजूने स्वतः फोन केला. मी शेजारी बसले होते, बोलले नाही. दादा आधी ओरडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, “आईला घेऊन येतो.” दुसऱ्या दिवशी पहाटे वाकडेवाडीच्या स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेले. काकूंच्या हातात पिशवी, पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि पुडीत बांधलेला अंगारा.

काकू पहिल्यांदा मला म्हणाल्या, “खायाप्यायला काय कमी केलं व्हतं का गं आम्ही तिला?” याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, “काकू, तुमचं काही कमी पडलं नाही. हा आजार आहे, शुगर-बीपीसारखा. गोळी चालू आहे.” त्यांना निम्मं पटलं. उरलेलं निम्मं नजर लागण्यावर गेलं. ओपीडीत त्यांनी डॉक्टरांना थेट विचारलं, अंगारा लावला तर चालेल का. मला वाटलं आता लेक्चर. डॉक्टर म्हणाल्या, “लावा की. आणि गोळी तुमच्या हाताने द्या, चुकवू नका.” तेव्हापासून गोळी एकदाही चुकली नाही.

आमच्या खोलीच्या मालकांचा नियम, पाहुणे मुक्कामाला चालणार नाहीत. कारण सांगायची गरज नव्हती, तब्येत बरी नाही एवढंच सांगितलं. तरी ऐकलं नाही. मग हडपसरला तिच्या मावशीकडे दोघी राहायला गेल्या. कॉटचे ३,५०० रुपये भरत राहिलो, जागा जाऊ नये म्हणून. दादाने त्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात चौकशी केली. कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा लागतो, हे कलम २१मध्ये आहे. पण बहुतेक पॉलिसींमध्ये ओपीडीचा खर्चच मिळत नाही, आजार कुठलाही असो, आणि त्याच्या पॉलिसीत बहीण बसतच नव्हती. तो विषय तिथे संपला.

जानेवारी २०२५पासून

बोलण्याच्या उपचारासाठी आम्ही बाहेर मानसशास्त्रज्ञ शोधल्या, कारण सरकारी ओपीडीत दर आठवड्याला तासभर मिळणं शक्य नव्हतं. जागा मिळायला महिना लागला. फी १,२०० होती. विद्यार्थी आहे म्हटल्यावर ८०० केली. सवलत मागायला लाजू नका, पुष्कळ जण देतात. अर्धे दादा द्यायचा, अर्धे वैजू उत्तरपत्रिका तपासून काढायची. तेही जमत नसेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा फोनवर आणि ईमेलवर मोफत समुपदेशन करते; पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था आत्महत्या प्रतिबंधाचं काम करते, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. मधल्या महिन्यात वैजू आयकॉलवर बोलली होती.

तिथे काय चालतं ते मला थोडंच माहीत आहे. इजा करण्याची ऊर्मी लाटेसारखी चढते आणि उतरतेही, तेवढा वेळ काढायचा, पंधरा मिनिटं ढकलायची, परत पंधरा ढकलायची, हे तिने सांगितलं. एक वही असते, ती मी उघडलेली नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा झालं. तिनेच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, चहा पिताना. मी टेली-मानसच्या बाईंचं वाक्य वापरलं: “तेव्हा काय होत होतं?” जखम बघायची गरज आहे का, विचारलं. जवळच्या डॉक्टरकडून पट्टी करून आणली. संध्याकाळी तिने मानसशास्त्रज्ञांना कळवलं. तेवढंच. नोव्हेंबरसारखी धावपळ झाली नाही, रडारड झाली नाही. आधी दर आठवड्याला होत होतं ते आता काही महिन्यांनी झालं होतं. हे डॉक्टरांनी दाखवून दिलं, मला त्या दिवशी दिसलं नव्हतं.

माझंही सांगते. फेब्रुवारीत मला पित्त, डोकेदुखी, आणि नळाचा आवाज आला की दचकणं सुरू झालं. मी पुन्हा १४४१६लाच फोन केला, या वेळी स्वतःसाठी. तिकडून पहिला प्रश्न आला: तुमच्याशिवाय अजून कोण आहे? मग आम्ही वाटणी केली. ओपीडीची तारीख दादा सांभाळतो, फोनवर किंवा येऊन. रविवार मावसबहिणीचा. आठवड्याचे दिवस माझे, आणि शनिवारी मी वैजूची नर्स नसते. आम्ही सिनेमाला जातो किंवा मी माझ्या घरी जाते. वैजूला विचारूनच मी माझ्या एका ऑफिसातल्या ताईला नावं न घेता हे सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगितलं पाहिजे. एकटीने गुपित सांभाळणं हे मैत्रीत येत नाही असं माझं ठाम मत झालंय, आणि जिवाला धोका असेल तर ‘कुणाला सांगू नको’ हा शब्द पाळायचाही नसतो. फक्त सांगण्याआधी ‘मी सांगणार आहे’ हे तिला तोंडावर सांगायचं.

आता ऑक्टोबर २०२५. वैजू सध्या परीक्षेची तयारी करत नाही, एका क्लासमध्ये अर्धा दिवस काम करते. पुन्हा फॉर्म भरायचा का, ते तिचं ठरलेलं नाही. गोळी चालू आहे, डॉक्टर ती पुढच्या वर्षी हळूहळू कमी करायचं म्हणताहेत. दिवाळीला ती गावी जाणार आहे, या वेळी जास्त दिवस. आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये तिची गोळी मिळत नाही, म्हणून चिठ्ठी दाखवून इथूनच घेतली आणि गोळ्या काकूंच्या ताब्यात राहतील असं तिने स्वतःच ठरवलंय. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते दादाने विचारून ठेवलंय. केसपेपरचा आणि शेवटच्या चिठ्ठीचा फोटो तिघांच्याही मोबाइलमध्ये आहे. बुकिंग एसटीचं आहे, वाकडेवाडीहून, खिडकीची सीट.